नातीला घ्यायचं म्हणून खाल्लेल्या गोळ्या

मधाची बाटली मी नीट घासून धुतली होती. फक्त तिच्यावरचं लेबल काढायचं राहिलं. त्या बाटलीत सकाळची लघवी भरून मी प्रताप नगरातल्या आमच्या डॉक्टरांकडे गेलो. काउंटरवरच्या बाई फोनवर कोणाला तरी दवाखान्याची वेळ सांगत होत्या. मी बाटली त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी फोन कानाला धरूनच बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि चेहरा एकदम मऊ करून विचारलं, "घरचं का काका?"

आता ह्याला माणसानं काय उत्तर द्यायचं? मी म्हणालो, "हो. आज सकाळचंच."

बाटली आत गेली. हिवाळ्यात आमचे डॉक्टर काळा चहा मध घालून घेतात, हे मला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. माझा नंबर लागला आणि मी आत गेलो तेव्हा बाटलीचं झाकण उघडं होतं, शेजारी चहाचा कप वाफाळत होता, आणि डॉक्टरांच्या हातात चमचा होता. चमचा बुडवायच्या आधी त्यांनी वास घेतला, म्हणून आमचे संबंध अजून टिकून आहेत.

"कावीळ!" मी दारातूनच ओरडलो. "साहेब, ती माझी कावीळ आहे!"

डॉक्टरांनी झाकण लावलं. बाटली दोन बोटांत धरून टेबलाच्या पार टोकाला नेली. बेसिनवर जाऊन हात धुतले, परत येताना चहाच्या कपाकडे पाहिलं, आणि पुन्हा जाऊन हात धुतले. मग माझ्या पापण्या खाली ओढून डोळे तपासले, जीभ पाहिली, पोट दाबलं.

"काविळीचं काही दिसत नाही. रंग पाहून घाबरले का?"

"रंग म्हणजे काय साहेब, चौकातल्या ट्रॅफिक पोलिसाच्या जाकिटासारखा आहे. अंधारात चमकेल."

"काय काय घेऊन राहिले सध्या?"

मी सांगायला लागलो. सकाळी उठल्यावर पाण्यात टाकली की फसफसते ती संत्र्याच्या चवीची गोळी, व्हिटॅमिन सीची. चहानंतर बी-कॉम्प्लेक्स. जेवणानंतर झिंक. संध्याकाळी माशाच्या यकृताच्या तेलाची कॅप्सूल. शिवाय माझा साडू विकतो ती हिरवी पावडर, तिच्यात काय आहे ते साडूलाही माहीत नाही.

डॉक्टर हसले. चांगले खुर्चीला पाठ टेकून हसले. "मग बरोबर आहे. हा पिवळा रंग बी-कॉम्प्लेक्सचा. अंगाले जेवढं लागते तेवढं अंग ठेवते, बाकीचं ह्या बाटलीत. कशासाठी घेता एवढं सगळं?"

"सर्दी होऊ नये म्हणून."

आता हे नीट सांगितलं पाहिजे. मी सर्दीला भिणारा माणूस नाही. पन्नाशी उलटली माझी, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत माझं नाक वाहतं, हे आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांनाही माहीत आहे. पण त्या हिवाळ्यात आमची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ जरा लवकर आलं, वजनानं कमी भरलं. मुलांच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं की सर्दीवाल्या माणसाला हिच्याजवळ फिरकू देऊ नका. नात जन्मली तेव्हा मी नेमका शिंकत होतो. सगळ्यांनी तिला घेतलं. माझ्या बायकोनं घेतलं, व्याह्यांनी घेतलं, शेजारच्या वहिनींनीसुद्धा घेतलं. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात नाकाला रुमाल लावून उभा होतो. पुढे ती सर्दी गेली, आणि मी हात धुऊन, नवा सदरा घालून खोलीच्या दारात उभा राहिलो, तर बायकोनं दारातच अडवलं.

"बारशापर्यंत इथूनच पाहा तिले."

"काहून? नाक कोरडं आहे माझं."

"आज आहे. तुमच्या नाकावर माझा काडीचा भरोसा नाही. बारशाच्या दिवशी कोरडं असलं तर घ्या मांडीवर अन् बसा मग दिवसभर."

बारसं सव्वा महिन्यानंतर होतं. त्यानंतर लगेच जावई येऊन दोघींना हैदराबादला घेऊन जाणार होता. तिकिटं काढलेली होती. म्हणजे मला माझ्या नातीला हातात घ्यायची ती एकच वेळ होती, आणि त्या वेळी माझं नाक वाहत असलं, तर पुढे ती रांगायला लागेपर्यंत मी तिला मोबाइलमध्येच पाहणार.

हे सगळं मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांचं हसू जरा कमी झालं.

"सरळ सांगू का?" ते म्हणाले. "तुमच्या-माझ्यासारख्या माणसाले रोज व्हिटॅमिन सी खाल्ल्यानं सर्दी होत नाही, असं काही नाही. व्हायची ती होते. आधीपासून रोज घेत असले तर ती थोडी लवकर आटपते म्हणतात. सर्दी सुरू झाल्यावर घ्यायला लागले तर तेही नाही. आता तुम्ही कामठीच्या छावणीतले जवान असते, सीमेवर जाऊन बर्फात पळापळ करत असते, तर जरा वेगळी गोष्ट होती."

"अन् झिंक?"

"सर्दी लागल्या लागल्या घेतलं तर एखादा दिवस वाचेल, नाही वाचेल. मळमळ मात्र पक्की. अन् ते माशाचं तेल अंदाजानं पिऊ नका. त्यातलं काही काही अंगात साठते, ते लघवीतून नाही जात. जेवण नीट करा, झोपा. ज्याचं नाक वाहून राहिलं त्याच्यापासून दूर बसा. अन् बाहेरून आले की हात धुवा."

मी बाहेर पडलो तो तोंड वाकडं करून. हात धुवा! हे सांगायला माणूस एवढं शिकतो? मी मोठा आजार घेऊन गेलो होतो आणि त्यांनी मला शाळेतल्या पोरासारखं परत पाठवलं. शिवाय काउंटरवरच्या बाई आता माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होत्या, ती नजर अजून मला दवाखान्यासमोरून जाऊ देत नाही. मी ठरवलं, गोळ्या चालूच ठेवायच्या. कावीळ नाही म्हणजे गोळ्या सुरक्षित आहेत, असा मी माझ्यापुरता अर्थ काढला. आम्हाला जे ऐकायचं असतं ते आम्ही डॉक्टरांच्या तोंडून बरोबर काढून घेतो.

पण खरं सांगतो, त्या गोळ्यांची मला शिसारी आली होती. फसफसणाऱ्या गोळीचा ग्लास तोंडाशी नेला की आधी नाकात बुडबुडे फुटायचे. संत्र्याच्या गावात राहून संत्र्याच्या नावाखाली ते गुळचट, धातूच्या वासाचं पाणी प्यायचं, आणि तेही ज्या दिवसांत दारावर हातगाडीवाला खरी संत्री ओरडून विकत असतो! झिंकची गोळी चघळायची होती. नळाची जुनी तोटी तोंडात धरून बसल्यासारखं वाटायचं. तिच्यानंतर चहा प्यावा तर चहा तोटीतून आल्यासारखा, वरण खावं तर वरण तोटीतलं. साडूची हिरवी पावडर पाण्यात विरघळायची नाही. ग्लासाच्या तळाशी डबक्यातल्या शेवाळासारखी बसायची, आणि शेवटचा घोट सगळा एकदम घशात यायचा. मी नाक दाबून डोळे मिटून तो घ्यायचो, आणि मग बराच वेळ बोलायचो नाही, कारण दातांना हिरवं लागलेलं असायचं.

माशाच्या तेलाचं तर विचारूच नका. कॅप्सूल गिळताना काही कळत नाही. तासाभरानं ढेकर येतो आणि कळतं. त्यात मार्गशीर्ष सुरू झाला होता. आमच्याकडे महिनाभर अंड्याचंही नाव घेत नाहीत. गुरुवारी देवीचा घट मांडलेला, बायको पोथी वाचते आहे, आणि मी मागे पाटावर हात जोडून बसलो आहे. तेवढ्यात आला. दाबायचा प्रयत्न केला, तो जास्तच लांबला. बायकोनं पोथीवरून मान वर न करता विचारलं, "मासळीबाजार कोणी आणला घरात?"

"औषध आहे ते."

"देवीले सांगा. मी तर नाही सांगत."

त्या दिवसापासून माझी पूजेतली जागा गॅलरीत गेली.

दारातून मात्र मी रोज पाहायचो. मुलगी बाळाला मांडीवर घेऊन बसलेली असायची. खोलीत ओव्याच्या धुरीचा वास, शेकशेगडीची ऊब. "बाबा, पाहा, जांभई देते," मुलगी म्हणायची. मी दाराच्या चौकटीला धरून मान लांब करायचो. दिसायचं काय, तर टोपडं आणि त्याखाली बोराएवढं नाक. ते नाक पाहिलं की मी आत जाऊन आणखी एक गोळी खायचो.

बारसं चार-आठ दिवसांवर आलं आणि मध्ये खापा उपटलं. म्हणजे खाप्याला, साडूच्या गावी, त्याच्या मुलाचा साखरपुडा निघाला. बायको बाळंतिणीला सोडून जाऊ शकत नव्हती. घरातून एकानं तरी गेलंच पाहिजे, नाही तर पुढची दहा वर्षं ऐकावं लागतं. बायको म्हणाली, "तुम्ही फोन करून सांगा, तब्येत बरी नाही म्हणून. थंडीत तिथं सगळे शिंकत असतीन."

"मला काही होत नाही आता," मी म्हणालो. महिनाभर एक शिंक आली नव्हती, आणि ते श्रेय मी सगळं गोळ्यांना देऊन टाकलं होतं. महिनाभर मी दवाखाना सोडला तर घराबाहेरच पडलो नव्हतो, ही गोष्ट माझ्या हिशेबात आली नाही. निघताना सकाळी मी फसफसणाऱ्या दोन गोळ्या एकाच ग्लासात टाकल्या आणि झिंक चघळत एसटीत बसलो.

खाप्याला मांडवाच्या दारात साडूच उभा होता. चांगला जरीचा फेटा, कपाळाला गंध. डोळे लाल, आणि नाकाच्या शेंड्यावर एक थेंब लोंबकळत होता. पडतो की काय, पडतो की काय, म्हणून मी त्याच्याकडेच पाहत राहिलो. साडूनं उजव्या हाताच्या मागच्या बाजूनं तो पुसला आणि त्याच हातानं मला मिठीत ओढलं.

"या या साडूभाऊ! पावडर चालू आहे ना?"

"चालू आहे. पण तुम्हाला तर चांगलीच सर्दी झाली."

"ही सर्दी नाही गा!" तो आजूबाजूच्या चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला. "लोकाइले समजत नाही. ही अंगातली घाण बाहेर निघून राहिली. पावडर काम करून राहिली आपली. जेवढं नाक वाहीन तेवढं रक्त साफ."

आणि हे सांगता सांगता त्यानं रक्त साफ करण्याचं आणखी थोडं काम सदऱ्याच्या बाहीवर केलं.

मला तिथूनच परत फिरायला पाहिजे होतं. फिरलो नाही. पंगतीत बसलो. आमच्याकडची रीत अशी, की साखरपुड्याच्या पंगतीत यजमान जवळच्या माणसाला पहिला घास आपल्या हातानं भरवतो. यजमानाचा साडू म्हणजे तर मानाचा माणूस. साडू ताट घेऊन आला, समोर उकिडवा बसला. बुंदीचा लाडू उचलला. उजव्या हातानं. त्याच हातानं. लाडू फोडताना एकदा शिंकला, तोंड फिरवून शिंकला, म्हणजे शेजारच्या पानावर शिंकला, आणि म्हणाला, "आ करा."

सगळी पंगत पाहत होती. मोबाइल वर झाले होते. लाडवावर जे चमकत होतं ते तूप असेल, असं मी स्वतःला सांगितलं. बोटांच्या पेरांवरही तसंच चमकत होतं. एरवी मी नक्की काहीतरी निमित्त काढलं असतं, उपास आहे म्हणालो असतो, दात दुखतो म्हणालो असतो. पण मी मनात म्हणालो, आपण दोन व्हिटॅमिन सी घेऊन आलो आहोत, झिंक आहे, आपल्याला कोण काय करतो! आणि आ केला. साडूची दोन बोटं पार दाढेपर्यंत आली. खारट लागली.

त्या चवीबद्दल मी आजवर घरात कोणाला सांगितलं नाही. लिहितानासुद्धा मी मध्ये उठून चूळ भरून आलो.

बारशाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी घशात काहीतरी टोचलं. मी म्हटलं, धुळीचं असेल. सकाळी उठलो तर टाळूला आतून खाज, कानांत दडे, आणि डाव्या नाकपुडीत पाणी तयार. मी न्हाणीघराचं दार लावून घरातल्या सगळ्या गोळ्या एकदम घेतल्या. सी घेतली, झिंक घेतलं, पावडर घेतली, तेल घेतलं. रिकाम्या पोटी. अर्ध्या तासात पोटात सगळं एकमेकांशी भांडायला लागलं आणि मी बेसिनवर वाकलो. जे बाहेर आलं त्याचा रंग वरून हिरवा होता आणि खालून नारिंगी, वर माशाचा वास. बाहेरून बायकोनं दार वाजवलं. "काय होऊन राहिलं आत?"

"काही नाही. दात घासतो आहे."

सर्दी लपवायची ठरवली की माणूस किती हलकट होतो! मी दर पाच मिनिटांनी गच्चीवर जाऊन नाक मोकळं करून येत होतो. श्वास तोंडानं घेत होतो आणि ते हसण्यासारखं दिसावं म्हणून हसत होतो. व्याही आले, त्यांना मी दुरून नमस्कार केला. विहीणबाई म्हणाल्या, "आजोबा फार खुशीत दिसतात." आणि ह्या सगळ्यात मी बायकोकडे पाहत नव्हतो, कारण तिनं एकदा नीट पाहिलं असतं तर तिथंच संपलं असतं. ती घुगऱ्यांच्या गंजात झारा फिरवण्यात गुंतलेली होती.

पाळणा सजला होता. बायकांनी गाणी म्हटली, जावयाच्या बहिणीनं बाळाच्या कानात नाव सांगितलं, आणि बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालून घेतले. साडूही आला होता. त्याचं नाक आता कोरडं ठाक होतं, सगळी घाण माझ्या घरी पोचवून मोकळा झाला होता. तो माझ्या व्याह्यांना पावडरीचा डबा दाखवत होता.

"हे आमचे साडूभाऊ पाहा," तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "होळीपर्यंत नाक पुसणारा माणूस. यंदा एक शिंक नाही. काय साडूभाऊ?"

मी मान हलवली. बोललो असतो तर आवाज नाकातून आला असता. मी स्वतः महिनाभर सगळ्या नातेवाइकांना व्हिटॅमिनवर व्याख्यानं दिली होती. व्याह्यांना तर एक फसफसणारी गोळी जबरदस्तीनं पाजलीही होती.

तेवढ्यात मुलीनं बाळाला पाळण्यातून उचललं. नवं झबलं, काजळाची तीट. ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"बाबा, या ना. घ्या आता हिला."

सगळे बाजूला झाले. जावयानं मोबाइल धरला. मी दोन्ही हात पुढे केले. ओंजळीएवढं ते गाठोडं माझ्या हातांपासून वीतभर अंतरावर होतं. बाळानं डोळे उघडले होते. दुधाचा वास येत होता, म्हणजे येत असणार, मला नाकानं काहीच कळत नव्हतं. आणि नाकाच्या आत, अगदी वर, मुंगी चालायला लागली.

आता घ्यावं, पटकन घ्यावं, एक फोटो होईपर्यंत दम धरावा आणि परत द्यावं. असं मी म्हणालो मनात. खोटं कशाला सांगू? घेणारच होतो. पण बाळाचं ते बोराएवढं नाक वर माझ्याकडेच होतं, आणि ते पाहताना मला लाडवासकट दाढेपर्यंत आलेली ती बोटं आठवली. माझे हात आता त्या बोटांच्या जागी होते. मी हात मागे घेतले आणि पाठीमागे बांधले.

"नको," मी म्हणालो. "राहू दे. मग पाहू."

मुलगी तशीच उभी. तिला वाटलं मी घाबरलो. "बाबा, मान मी धरते ना. घ्या."

"नको म्हटलं ना."

तोंडानं श्वास घ्यायच्या नादात ते जरा जोरात निघालं. गाणी थांबली. व्याह्यांकडची एक म्हातारी काकू भिंतीला टेकून घुगऱ्या खात होती. तिनं तोंडातलं संपवलं आणि शेजारणीला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "आजोबाले नातू पाहिजे होता वाटते."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी लहानपणापासून तिचे सगळे रुसवे पाहिलेले आहेत, हे तसलं नव्हतं. तिनं बाळाला छातीशी घेतलं आणि एक पाऊल मागे सरकली. सव्वा महिना मी दाराशी उभा राहत होतो, आत येत नव्हतो, ते सगळं ती आता नव्यानं जोडून पाहत होती. मला ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"अरे मले सर्दी झाली आहे!" मी ओरडलो. चारचौघांत मी असं मले-तुले बोलत नाही, पण निघालं ते असंच निघालं. "सर्दी झाली आहे मले! ह्याच्या लाडवानं झाली! महिनाभर शेवाळ प्यालो, माशाचे ढेकर दिले, तरी झाली!"

आणि शिंकलो. तोंड फिरवून कोपरात शिंकलो, एवढं भान राहिलं. सकाळपासून दाबून ठेवलेल्या सगळ्या शिंका एकामागून एक आल्या. थांबलो तेव्हा नव्या रेशमी कुडत्याच्या बाहीपासून माझ्या नाकापर्यंत एक लांब, हिरवट तार लोंबत होती. व्याह्यांनी नजर वळवली. विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. जावयाच्या मोबाइलमध्ये ते सगळं आलं आहे, आणि ते काढून टाक म्हणून मी आजही सांगतो, तर तो हसतो.

पहिली हसली ती मुलगी. बाळासकट हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "बाबा, मग सांगायचं ना! मला वाटलं..." काय वाटलं ते तिनं पुरं केलं नाही.

साडू मध्ये पडला. "ही सर्दी नाही, ही अंगातली घाण..."

"भाऊजी, तुम्ही चूप बसा," बायको घुगऱ्यांचा झारा घेऊनच आली होती. "घाण बाहेर निघून राहिली असन तर घाणीले घेऊन ह्याइलेही बाहेरच बसवते मी. चला हो, गच्चीवर."

गच्चीवरच्या खोलीत मी माझ्या सर्दीबरोबर राहिलो. गोळ्या घेतल्या नाहीत. तोंडाशी नेल्या तरी मळमळायचं. सर्दीनं जे करायचं ते सगळं क्रमानं केलं. आधी पाण्यासारखी वाहिली, मग घट्ट झाली, रुमाल कडक होऊन उभे राहायला लागले, मग रात्रभर घसा खरवडला, आणि मग तिच्या मनात आलं तेव्हा ती गेली. गोळ्या खात होतो त्या वर्षीची सर्दी आणि कधीच न खाल्लेल्या वर्षांच्या सर्द्या, मला तरी काही फरक दिसला नाही. उरलेल्या फसफसणाऱ्या गोळ्या बायकोनं बेसिनच्या नळावर साचलेले पांढरे डाग काढायला वापरल्या. डाग निघाले. पावडर झाडांना घातली, तर गुलाबानं मान टाकली.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी मुलगी जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी राहून ओरडली होती, "बाबा, आम्ही नाही जात एवढ्यात. तिकिटं पुढची काढली. तुमचं नाक थांबलं की सांगा." मी वरून रुमाल हलवला. बोलण्यासारखा आवाज नव्हता.

नाक थांबलं. तरी बायकोनं आणखी थोडे दिवस वाट पाहायला लावली. मग एका दुपारी तिनं मला खाली बोलावलं, साबणानं कोपरापर्यंत हात धुवायला लावले, धुतलेले हात उलटेसुलटे करून पाहिले, नाकपुड्यांतही वाकून पाहिलं, आणि खाटेवर उशीला टेकवून बसवलं. मुलीनं बाळ माझ्या हातात ठेवलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा ती फार हलकी होती आणि फार गरम होती. तिनं माझ्या सदऱ्याचं बटण पकडलं.

बायको कमरेवर हात ठेवून जरा वेळ आम्हा दोघांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मान नीट धरा तिची. अन् रडू नका, नाक वाहीन तुमचं, मले पोरीले परत घ्यावं लागन."